नववं रीळ

“पुन्हा,” शिंत्रे मामा म्हणाले, आणि पडद्यावर हेमलता पुन्हा पडली.

अकराव्यांदा पडली ती. चाळीस सेकंदांचा तुकडा होता, टोकाला टोक चिकटवून मशिनवर चढवलेला. संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू. गुऱ्हाळ दिसतं, हेमलता धावत आत येते, मागनं पाटलाचं काम करणारा तो दांडगा नट येतो. तो पदर ओढतो, ती चिपाडांच्या ढिगावर पडते, मागं सरकते, ओरडते. मग पडदा पांढरा. मग परत गुऱ्हाळ. मी संवादाचा कागद धरून माइकसमोर उभी. तिचं तोंड उघडलं की माझं उघडायचं, तिचं मिटलं की माझं मिटायचं. डबिंग म्हणजे एवढंच.

“मामा, कागदावरचं बसत नाही,” मी म्हटलं.

“बाई, अकरा वेळा तेच सांगताय.”

“अकरा वेळा तेच होतंय म्हणून सांगतेय.”

काचेपलीकडं पंडितकाका हसले. ते रेकॉर्डिस्ट. साठीचे, कानावर कायम हेडफोन, आणि घरी बायको काय बोलते ते मला ऐकूच येत नाही असं मोठ्या कौतुकानं सांगणारे. त्यांचा आवाज स्पीकरमधून आला. “भांडा खुशाल, पण माइकपासनं लांब.”

१९८५ सालचा मे महिना, रविवार, दुपारचे बारा. कोल्हापूरच्या बाहेरच्या एका स्टुडिओतली ती खोली. भिंतींना गोणपाट, खिडकी एकही नाही, आणि पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइक टिपतो. दाराबाहेर लाल दिवा लागला की कुणी मेलं तरी दार उघडायचं नाही, असा मामांचा दंडक. शिंत्रे मामा म्हणजे सिनेमाचे दिग्दर्शक. स्पॉटबॉयपासून नायकापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. माणूस गोड. कुणाला अरे-तुरे नाही, सेटवर बायकांची जेवणं आधी. माझ्या आईनंसुद्धा त्यांना एकदा बघून सांगितलं होतं, जा बाई, माणूस घरातला वाटतोय.

घामानं माझी पाठ ओली झाली होती, पण मी खूश होते. खोटं कशाला बोलू? हे शेवटचं रीळ होतं. एवढं झालं की सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर एक पाटी येणार होती, माझ्या एकटीच्या नावाची. ‘हेमलता यांना आवाज : पद्मजा मगदूम.’ मामांनी तशी पाटी रंगवून घेतली होती आणि मला दाखवलीही होती. अठ्ठावीस वर्षांची अविवाहित मास्तरीण मी. माझं नाव तोवर फक्त हजेरीपटावर आणि लग्नाच्या स्थळांच्या वहीत लिहिलं गेलं होतं, आणि वहीतलं बहुतेकांनी खोडलंही होतं.

शाळेचं सांगायला हवं. मी मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. आमच्याकडं त्या काळी हातवाऱ्यांपेक्षा ओठांवर भर होता. मुलाला समोर बसवायचं, आपल्या तोंडावर उजेड घ्यायचा, आणि एकेक शब्द असा म्हणायचा की त्याला तो दिसला पाहिजे. सहा वर्षं हेच केल्यावर माझी अशी गत झाली होती की एस.टी. स्टँडवर पलीकडच्या फलाटावरची नवरा-बायको काय भांडतायत ते मला बसल्या जागी कळायचं. याच खोडीपायी मी सिनेमात आले. मामांच्या एका ओळखीच्यांनी सांगितलं, एक बाई आहेत, ओठाला ओठ असा जुळवतील की खुद्द नटीला पटेल हा आपलाच आवाज. हेमलता निपाणीची. बोलणं कानडी वळणाचं, प्रत्येक वाक्याला ‘की ओ’. मामांना ते नको होतं. त्यांची नायिका शुद्ध बोलणारी हवी होती. म्हणून सिनेमाभर चेहरा तिचा आणि आवाज माझा.

आठ रिळं झाली तोवर हेमलता दर रविवारी माझ्याबरोबर यायची. शूटिंगच्या वेळी जो कच्चा आवाज भरतात तो कधीकधी खराब असतो, मग नटीनं नेमकं काय म्हटलं ते तीच येऊन सांगते. एकोणीस वर्षांची पोर. स्टुलावर मांडी घालून बसायची, डब्यातली लाल चटणी माझ्या पोळीवर घालायची आणि स्वतःला पडद्यावर बघून तोंडाला पदर लावून हसायची.

“बाई, मी अशी चालते की ओ? बदकागत?”

“नायिकेगत चालतेस.”

“तुमचा आवाज लावल्यावर मी लई शिकल्याली वाटाय लागली.” मग विचारायची, “पुढच्या पिक्चरला माझाच आवाज घेतील न्हवं? शिकवाल न्हवं मला तुमच्यासारखं बोलाय?”

आठवं रीळ संपलं त्या रविवारी ती निघताना चपला घालत थांबली.

“बाई, तुम्ही मुक्या पोरांचं ओठावरनं ओळखता म्हणं?”

“ओळखते की.”

“आवाज नसला तरी?”

“आवाज नसला तरच तर ओळखायचं. तेच काम माझं.”

“नवव्या रिळाला तुम्हीच असणार न्हवं?”

“मीच. दुसरं कोण?”

“मग बरं,” ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मामा म्हणाले, तिची मावशी आजारी आहे. आम्ही दहावं, अकरावं, बारावं रीळ केलं आणि नववं तिच्यासाठी मागं ठेवलं. मी मनात तिला शिव्या घातल्या. नाव झालं नाही तोवरच नखरे, असं मी पंडितकाकांना बोलूनही दाखवलं. शेवटी सेन्सॉरकडं पाठवायची तारीख आली आणि मामा म्हणाले, बाई, तिच्याशिवाय उरकू.

तर असा तो तुकडा. शूटिंग खऱ्या गुऱ्हाळात झालेलं, त्यामुळं कच्च्या आवाजात घाण्याच्या इंजिनाची धडधड सोडून काही नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, “नको पाटील, माझ्या अब्रूला हात लावू नका, मी एका गरिबाची लेक आहे.” आता हे वाक्य चिपाडांवर पडलेली कुठली बाई म्हणेल ते सोडून द्या. पण ते ओठांवर बसतच नव्हतं. ओठ मिटतात तिथं ‘प’, ‘ब’, ‘म’ असलं काहीतरी पाहिजे, नाहीतर माणूस बोलतंय एक आणि ऐकू येतंय एक, हे शेंबड्या पोराला कळतं.

“पुन्हा लावा,” मी म्हटलं. “मी बोलत नाही. नुसती बघते.”

मी कागद खाली ठेवला आणि शाळेत बघते तसं बघितलं. ओठांवरनं सगळं कधीच कळत नाही. निम्मं दिसतं, निम्मं आपण त्या माणसाच्या सवयीवरून, डोळ्यांवरून भरतो. म्हणून आधी डोळे बघायचे. हेमलता त्या नटाकडं बघतच नव्हती. तो तिच्या अंगावर आलेला, आणि ती बघत होती कॅमेऱ्याच्या डावीकडं, जराशी वर. तिथं कुणीतरी उभं होतं.

तेराव्या वेळी मला ‘मामा’ दिसलं.

चौदाव्या वेळी ‘थांबवा’ दिसलं. पंधराव्या वेळी वाक्याच्या शेवटी ओठ पुढं आले, गोल झाले आणि तसेच राहिले. ते तिचं ‘की ओ’ होतं. आठ रविवार माझ्या शेजारी बसून ऐकलेलं. त्यानंतर मला काही शोधावं लागलं नाही. सोळाव्या वेळी सगळं सरळ वाचता आलं, फळ्यावर लिहिल्यासारखं.

“मामा, थांबवा की. पिना तुटल्या. मामा, बंद करा की ओ.”

आणि तुकडा फिरतच होता. ती धावत आली, पडली, मामांना हाका मारल्या. पडदा पांढरा. परत धावत आली.

“मशिन बंद करा,” मी म्हटलं.

“काय झालं? पाणी पाहिजे?”

“पंडितकाका, ते बंद करा आधी.”

पडदा काळा झाला. मामा खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात रुमाल होता, तो त्यांनी माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही.

“ती संवाद म्हणत नाहीये, मामा. ती तुम्हाला हाका मारतेय. थांबवा म्हणतेय. पिना तुटल्या म्हणतेय.”

मला वाटलं होतं ते चपापतील. नाही म्हणतील, चिडतील, निदान खोटं तरी बोलतील. त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला.

“दिसलं तुम्हाला?” ते म्हणाले. “हुशार आहात.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“बाई, मी तिथंच उभा होतो.”

मग त्यांनी मला सांगितलं, अगदी शांतपणे, एखाद्या नवशिक्याला धंदा शिकवावा तसं. सात टेक झाले होते. पोरगी रडायची ती शाळेच्या गॅदरिंगमधल्यासारखी. पोलक्याला आतून पिना लावलेल्या, आणि ठरलं होतं ते पदरापर्यंत. पदर ओढायचा आणि कट. आठव्या टेकच्या आधी त्यांनी त्या नटाच्या कानात सांगितलं, थांबू नको, मी म्हणेपर्यंत हात राखू नको. आणि गुऱ्हाळवाल्याला सांगितलं, इंजिन चालू राहू दे.

“आणि तुम्ही कट म्हटलंच नाही.”

“म्हटलं की. उशिरा म्हटलं.” ते माझ्याकडं मायेनं बघत होते, हे मला अजून आठवतं. “बारा हजार फुटांच्या पिक्चरमध्ये तेवढाच तुकडा खरा आहे, बाई. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तुमच्या आला न्हवं?”

“तिला आधी विचारलं होतं?”

“विचारलं असतं तर तसा चेहरा मिळाला असता का?”

मी काचेकडं बघितलं. पंडितकाका मान खाली घालून कसलंतरी बटण पुसत होते. त्यांनाही ठाऊक होतं. त्या खोलीत एकटी मीच येडी होते.

“काढून टाका तो तुकडा,” मी म्हटलं.

मामांनी कोपऱ्यातली एक गुंडाळी उचलली आणि टेबलावर उलगडली. पोस्टर होतं. छापून आलेलं, शाईचा वास येत होता. नायक एका कोपऱ्यात अंगठ्याएवढा. बाकी सगळ्या कागदावर चिपाडांवर पडलेली हेमलता, मान मागं, खांदा उघडा, तोंड उघडं. कमरेखाली लाल अक्षरांत सिनेमाचं नाव. ते नाव मी सांगत नाही. अजून कधीमधी दुपारचा टीव्हीवर लागतो तो.

मी त्या पोस्टरवरच्या तोंडाकडं बघत राहिले. जीभ दातांपाशी, जबडा खाली. ‘थांबवा’ म्हणायला घेतलेलं होतं आणि पहिल्या अक्षरावरच छापलं होतं.

“सांगली, सातारा, सोलापूर, सगळीकडं गेलीत ही,” मामा म्हणाले. “आता हा तुकडा काढला तर लोक खुर्च्या मोडतील.”

“मग मी आवाज देणार नाही.”

“नका देऊ. तुमच्यावर जबरदस्ती थोडीच आहे?” ते परत खुर्चीत बसले. “उद्या मुंबईची एक बाई बोलवीन. तिच्याकडं असल्या किंकाळ्या तयार असतात, वाण्याच्या दुकानात पुड्या असाव्यात तशा. तिनं कशा मारल्यात त्या मी ऐकल्यात बाई. ऐकून ही पोरगी नको म्हणत होती का हवं म्हणत होती, हेच कळत नाही. तुम्हाला तसं चालेल?”

मी पोस्टरची गुंडाळी करायला घेतली.

“तुकडा राहणारच. आवाज कुणाचा एवढंच ठरायचंय. तुम्ही द्याल तर त्यात लाज राहील, अब्रू राहील. तिच्यासाठी म्हणून सांगतोय मी. पहिलं पिक्चर आहे तिचं. पडलं तर निपाणीला विड्या वळायला परत जाईल ती. तुमची लाडकी न्हवं?”

असं बोलायचे ते. प्रत्येक वाक्याला एक दार बंद व्हायचं, आणि बंद करणारा हात आपल्या डोक्यावरनं फिरतोय असं वाटायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं झालं मला. फरक इतकाच की मार दुसरीला होता आणि तोंड माझं होतं.

मी माइक सोडून दारापाशी गेले. हे मी मुद्दाम सांगतेय. दाराला आतून कडी नव्हती आणि बाहेरून कुलूप नव्हतं. ढकललं असतं तर उघडलं असतं. बाहेर ऊन होतं, हौदाजवळ कुणीतरी भांडी घासत होतं, तिथून बसथांबा दहा मिनिटांवर. मी दारावर हात ठेवला. मला निपाणीला जाता आलं असतं, हेमलताला गाठून विचारता आलं असतं, तुला काय पाहिजे. ‘नवव्या रिळाला तुम्हीच असणार न्हवं?’ तिनं मला त्यासाठीच विचारलं होतं, हे मला त्या दारात उभं राहून कळलं. तिला एका माणसानं तरी ते वाचायला हवं होतं. वाचून कुणाला तरी सांगायला हवं होतं. मी वाचलं होतं.

“बाई,” पंडितकाकांचा आवाज स्पीकरमधून आला. फार हळू. “एक टेक द्या आणि सुटा. काही बदलत नाही हो इथं.”

मी परत आले. कशासाठी आले, हे मी चाळीस वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगितलं आहे. तिच्या अब्रूसाठी. तिच्या पहिल्या पिक्चरसाठी. खरं सांगायचं तर मला ती पाटी दिसत होती. माझ्या एकटीच्या नावाची.

“पेन्सिल द्या,” मी म्हटलं.

कागदाच्या मागच्या बाजूला मी तिचं वाक्य लिहिलं, आणि खाली नवं जुळवत बसले. तिचे ओठ मिटतात तिथं ओठ मिटणारं अक्षर, उघडतात तिथं उघडं, शेवटी गोल. एकेका अक्षराला जोडीदार शोधला. दहा मिनिटं लागली. सिनेमात तिचा बाप होता, त्याला ती बाबा म्हणायची, ते सोयीचं पडलं.

“बाबा, सांभाळा की. पाय धरते. बाबा, बघा की हो.”

“वा,” मामा म्हणाले. “हे लेखकाला सुचलं नाही.”

मशिन सुरू झालं. ती धावत आली, पडली, आणि तिच्या तोंडात मी माझे शब्द घातले. पहिला टेक सुटला. दुसऱ्याला माझा आवाज चिरकला. तिसरा टेक असा बसला की पंडितकाकांनी हेडफोन काढला आणि दोन बोटं वर केली, म्हणजे उत्तम. मामा उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “पद्मजाबाई, यापुढं माझ्या सगळ्या पिक्चरची नायिका तुमच्या आवाजात बोलेल,” असं त्यांनी सांगितलं. आणि मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

सिनेमा दिवाळीत लागला आणि चालला. थिएटरच्या दारात मोठा फलक होता, त्यावर रंगवलं होतं, ‘गुऱ्हाळाचा थरारक प्रसंग चुकवू नका’. आम्ही शाळेच्या सगळ्या शिक्षिका मिळून गेलो. माझ्या नावाच्या पाटीला त्यांनी टाळ्या वाजवल्या. गुऱ्हाळ आलं तसं मागच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, ओढ अजून. माझा आवाज सगळ्या थिएटरभर घुमत होता, स्वच्छ, शुद्ध, एकेक अक्षर सुटं. शेजारी आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, डोळे पुसत म्हणाल्या, “काय काळजाला हात घालणारा आवाज दिलाय गं.” मी मांडीवरची पिशवी धरून बसले. उठून जायचं तर दहा जणींचे गुडघे ओलांडावे लागले असते.

हेमलता मला परत भेटली नाही. पुढं आणखी दोन सिनेमांत ती दिसली, दोन्हीकडं तिला तेच करायला लावलं होतं, मग दिसेनाशी झाली. मामांनी मला पुन्हा बोलावलं तेव्हा मी घसा धरलाय म्हणून कळवलं, आणि तो कायमचाच धरला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारची गोष्ट. शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाईंनी माझ्या कौतुकाचे पेढे वाटायला घेतले होते. तेवढ्यात शमा दारात आली. शमा मुजावर, माझ्या वर्गातली, बारा वर्षांची. जन्मापासून एक शब्द कानावर पडलेला नाही, पण ओठ वाचण्यात सगळ्या शाळेत तिच्यासारखी कुणी नव्हती. कुठंकुठं तर ती माझ्याही पुढं जायची, आणि मी ते सगळ्यांना अभिमानानं सांगायची. तिचे वडील तिला सिनेमाला घेऊन गेले होते. तुझ्या बाईंचा आवाज आहे म्हणून.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, उजेडाकडं तोंड करून, मी शिकवलं होतं तशी. आमची मुलं बोलतात ते सपाट, जाड, एकेक शब्द ढकलत. तिनं तसं म्हटलं.

“बाई. पिक्चरमधली ताई. मामा, म्हणते. थांबवा, म्हणते. पिना, तुटल्या, म्हणते.”

खोलीत सात-आठ बायका होत्या. हेमलताचं ते वाक्य डबिंगच्या खोलीबाहेर पहिल्यांदाच आवाजात ऐकलं गेलं, आणि ते शमाच्या तोंडून.

“कुणी, का, थांबवत, नाही?” शमानं विचारलं.

“काय म्हणतेय गं ती?” मोठ्या बाईंनी पेढा हातात धरून विचारलं. “कसल्या पिना?”

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. शमा माझ्या ओठांकडं बघत होती. मला एक शब्द म्हणायचा होता. बरोबर. एवढाच. मग मोठ्या बाईंनी पुढचं विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की मलाही ते दिसलं होतं, आधी, सोळा वेळा बघून, आणि सांभाळा, पाय धरते हे मीच पेन्सिलीनं लिहिलं.

मी तिची हनुवटी धरली. माझं तोंड उजेडात घेतलं आणि सावकाश, स्पष्ट म्हटलं, “चूक. ताई सांभाळा म्हणते. पाय धरते म्हणते. तू चुकीचं वाचलंस.”

शमानं मान हलवली. नाही.

“चूक,” मी पुन्हा म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरचं मला अजून विसरता येत नाही. तिनं माझ्यावर संशय घेतला नाही. तिनं स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. “चूक,” ती माझ्यामागं म्हणाली, गृहपाठातली चूक कबूल करावी तशी, आणि वर्गात जाऊन बसली.

पुढं चार वर्षं ती माझ्याकडं होती. दुकानदार असो, घरचे असोत, कुणीही तिच्याशी काही बोललं की शमा आधी वळून माझ्याकडं बघायची, आपण वाचलं ते बरोबर आहे का म्हणून.